पहिल्या बाटलीतलं आम्ल

भूमेश्वरीला कॉलेजात लागून आठ महिने झाले होते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे सुटीत पगार बंद आणि पगार बंद असला तरी काम चालू. गोरेगावजवळच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात ती बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. कॉलेजला प्रयोगशाळा होती. दारावर तसं लिहिलेलंच होतं. आत संस्थेच्या अध्यक्षांच्या धानाची पोती होती, गेल्या दोन निवडणुकांचे झेंडे होते आणि कोपऱ्यातल्या कपाटात चार बाटल्या होत्या. चिठ्ठ्यांवर अल्कोहोल, आम्ल, अल्डिहाइड, कीटोन अशी नावं होती. तिनं एकेकीचं झाकण उघडून वास घेतला. चारही बाटल्यांत नळाचं पाणी होतं.

ती प्राचार्य डोमनलाल बिसेन यांच्याकडे गेली.

“सर, चारही बाटल्यांत पाणी हाय.”

“मंग? दिसाले तं सारखंच दिसते,” सर पेपरातून मान न काढता म्हणाले. “बोर्डाचा माणूस बाटली पाहते मॅडम, पिऊन नाई पाहत.”

बिसेन सरांचा अनुभव तेवीस वर्षांचा होता. तेवीस वर्षांत त्यांच्या कॉलेजचा एकही पोरगा प्रात्यक्षिकात नापास झाला नव्हता, कारण एकाही पोरानं प्रयोग केला नव्हता. जे केलंच नाही त्यात चुकणार कसं?

भूमेश्वरी मग वर्गात खडूवरच भागवायची. हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, दोघांचाच संसार. गॅसच्या सिलिंडरमध्ये तीन-चार कार्बनांची साखळी, रॉकेलमध्ये दहा-बारांची, मेणबत्तीत वीस-तीसांची. तिसरा कोणी घरात आला की घराचा स्वभाव बदलतो. “दोन कार्बनांच्या साखळीले ओएच लागला तं सॅनिटायझर होते,” ती सांगायची, “अन् तेवढ्याच साखळीच्या शेंड्याले सीओओएच असला तं चायनीजच्या गाडीवरचा सिरका. हे जे शेंड्याले लागते ना, त्यालेच क्रियात्मक गट म्हणतेत.”

मागच्या बाकावर टीना बसायची. तिचा बाप दुसऱ्याची धानाची बांधी, म्हणजे खाचरं, ठेक्यानं करायचा आणि टीनाला कोणतीही गोष्ट दोनदा विचारायची सवय होती.

“पाठ तं हाय मॅडम,” ती एक दिवस म्हणाली. “पण हे खरंच होते का, एकदा दाखवा ना.”

भूमेश्वरीनं सामान गोळा केलं. कोरोनाच्या काळातलं सॅनिटायझर ऑफिसच्या माळ्यावर अर्धा कॅन पडून होतं. सिरका आठवडी बाजारातल्या नूडल्सवाल्यानं दिला. टीनाच्या मावशीच्या पार्लरमधून नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आलं. जीवशास्त्राच्या बरणीतल्या बेडकाचं फॉर्मॅलिन थोडं काढून घेतलं. बेडकानं तक्रार केली नाही. तपासायची रसायनं तिनं गोंदियाच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांकडून डब्यात बांधून आणली. चारही बाटल्यांतलं पाणी ओतून देऊन तिनं त्यांत चिठ्ठीप्रमाणे खरा माल भरला आणि धानाची पोती एका बाजूला सरकवून महिनाभर पोरांनी प्रयोग केले. म्हणजे चाळिसातल्या नऊ जणांनी केले. बाकीच्यांना बिसेन सरांवर विश्वास होता.

तो विश्वास परीक्षेच्या आदल्या दिवशी सार्थ ठरला. सर स्वतः वर्गात आले आणि म्हणाले, “लिहून घ्या. डावीकडून पहिली अल्कोहोल, दुसरी आम्ल, तिसरी अल्डिहाइड, चौथी कीटोन. निरीक्षणं जर्नलमधून उतरवा. अन् कोणी जास्त शहाणपणा करायचा नाही.”

परीक्षेच्या सकाळी सरांनी परिचर शालीकरामला बजावलं, की बाहेरच्या साहेबाला सगळं टापटीप दिसलं पाहिजे. शालीकराम हुकमाचा माणूस. त्यानं बाटल्या पुसल्या आणि उंचीनुसार लावल्या. चिठ्ठ्या परीक्षेसाठी आधीच काढलेल्या होत्या. सिरक्याची बाटली सगळ्यांत ठेंगणी, ती पहिली आली. भूमेश्वरीनं ते पाहिलं, नवा क्रम वहीत टिपला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला शांत वाटलं.

बाहेरचे परीक्षक चंद्रकुमार सर तिरोड्याहून मोटरसायकलवर आले. चाळीस पोरं तासाभरात उरकण्याबद्दल त्यांची ख्याती होती. बिसेन सरांनी उत्तरांची यादी त्यांच्या हातात दिली आणि जेवणात काय काय आहे तेही सांगितलं.

एकतीस पोरांनी परीक्षानळीला हातही लावला नाही. समोरच्या पहिल्या बाटलीतून सिरक्याचा वास नाकात जात होता आणि हात लिहीत होता, अल्कोहोल. चंद्रकुमार सरांनी यादी पाहून एकतिसांना बरोबर दिलं आणि नऊ जणांच्या कागदांवर लाल रेघा मारल्या.

टीना उभी राहिली. “सर, माझं काऊन चूक हाय?”

“एकतीस जणांचं एक उत्तर आहे. तुमचंच वेगळं.”

“त्याइनं नळी उचललीच नाई, सर.”

“टीना, बस खाली,” बिसेन सर म्हणाले.

ती बसली नाही. भूमेश्वरीनं नोकरीचा विचार केला, घरी आईला काय सांगायचं त्याचा केला, आणि पहिल्या बाटलीतलं थोडं नळीत घेऊन त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. नळी फसफसून वर आली.

“आम्ल आहे, सर,” ती म्हणाली. “अल्कोहोलले असा फेस येत नाही.”

“फेसाचं काय सांगता मॅडम?” बिसेन सर हसले. “सोडा टाकला की फेस येतेच. आमच्या घरी भज्याच्या पिठातही येते.”

चंद्रकुमार सर हसले नाहीत. त्यांनी बाटली नाकाशी नेली. मग बाह्या वर केल्या. दुसऱ्या बाटलीतलं घेतलं, तिसरीतलं घेतलं. अकरा वर्षांत त्यांनी परीक्षा शेकड्यानं घेतल्या होत्या, परीक्षानळी मात्र एकदाही धरली नव्हती. शेवटची बाटली फॉर्मॅलिनची. त्यांनी त्यातलं थोडं नळीत घेतलं, भूमेश्वरीनं सकाळीच बनवून ठेवलेलं चांदीचं द्रावण त्यात टाकलं आणि नळी गरम पाण्यात उभी केली. हळूहळू काचेवर आतून चकचकीत आरसा चढला, अल्डिहाइडची खूण. सर त्यात बराच वेळ पाहत राहिले.

“एम.एस्सी.ला असताना माझा आरसा पूर्ण वर्गात सगळ्यांत चांगला आला होता,” ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

“सर, जेवण थंडं होऊन राहिलं,” बिसेन सरांनी आठवण दिली.

“होऊ द्या. हे एकतीस जण परत बसतील. यादी ठेवा तुमच्याकडे.”

एकतीस पोरं परत बसली. शिकवायला वेळ नव्हता, म्हणून चंद्रकुमार सर पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले आणि त्या नऊ जणांना जे सांगायचं ते सांगू दिलं. सत्तावीस पोरांनी चारही गट ओळखले. उरलेल्या चौघांनी फसफसणारी नळी हातात धरून पुन्हा अल्कोहोलच लिहिलं. सरांवरची श्रद्धा फेसानं ढळण्यासारखी नव्हती. चंद्रकुमार सर साडेचारला थंड वरण-भात खाऊन गेले. जाताना त्यांनी आरशाची ती नळी मागून घेतली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

जूनमध्ये भूमेश्वरीला बोलावणं आलं नाही. प्रात्यक्षिकाचा विषय असल्यानं अनुभवी शिक्षक हवा, असं कळवण्यात आलं. तिला राग आला, दोन दिवस टिकला, आणि मग तिनं तिरोड्यात दुसऱ्या कॉलेजात तास धरले.

पुढच्याच महिन्यात एसटीतून जाताना तिला गोरेगावच्या चौकात भलं मोठं फ्लेक्स दिसलं. प्रयोगशीलतेची परंपरा, प्रात्यक्षिकात उज्ज्वल निकाल. अध्यक्ष, बिसेन सर आणि मध्ये बेंझीनची आकृती. संध्याकाळी टीनाचा फोन आला. तिनं गोंदियात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता, रसायनशास्त्र.

“मॅडम, फ्लेक्स पाहिलं का?”

“पाहिलं.”

“बेंझीनले सहाच्या जागी सात कोपरे हायेत.”

“मोजले मी,” भूमेश्वरी म्हणाली. “दोनदा.”