उपरण्याखालचा भाव

या, या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. बुवांचा घसा बसलाय, ते आल्याचा चहा घेतायत. तोवर टाळ मांडीवरच असू द्या, तुम्हाला एका सौद्याची गोष्ट सांगते. त्यात बैल एकही नाही, पण आहे तो बैलबाजारच.

पेठच्या पलीकडे डोंगरात पायल नावाची सिस्टर आहे. पाठीला लसीचा डबा बांधायचा आणि सायकलवरून पाड्यापाड्यांत जायचं, हे तिचं काम. स्कूटी एकदा चिखलात तिच्या अंगावर निजली, तेव्हापासून तिनं स्कूटीचं नाव टाकलं. सायकल कशी, वाट संपली की खांद्यावर घेता येते. पण त्या आठवड्यात उतारावर जुन्या सायकलची रिम पापडासारखी मोडली, आणि सोमवारी तर बाळांना डोस द्यायचे होते. साठवलेले सोळा हजार घेऊन ती माउंटन बाइक घ्यायला नाशिकला निघाली. निघताना आज्याला सांगितलं, तिथंच चुकलं.

आजा म्हणजे पुंजा आजा. गावच्या कीर्तनात पहिल्या रांगेतला टाळकरी, आणि जन्मभर अर्ध्या तालुक्याला बैल घेऊन दिलेला माणूस. "मी येतो," तो म्हणाला. "भाव करायचं तुझं काम नाय. तू शिकलेली हायेस, छापलेला आकडा खरा मानशील."

दुकान गंगापूर रोडला. काचेचं दार, आत एसी, सायकली भिंतीला टांगलेल्या. आजानं वर बघितलं. "ह्या आजारी हायेत का?"

"नाही आजोबा, जागा वाचते," मालक हसून म्हणाला. किशोर त्याचं नाव. बोलायला लोण्यासारखा, भावाला दगडासारखा. पायलला आवडलेली सायकल त्यानं खाली काढली. "बावीस हजार. फिक्स्ड."

"जरा सोडून दाखवा."

"म्हणजे?"

"चालवा वो. मागून बघतो. चाल बघितल्याबिगर कसं कळंल?"

किशोरनं बिचाऱ्यानं दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या. आजा उकिडवा बसून चाकांकडे बघत राहिला. मग त्यानं खूर उचलावा तसं पुढचं चाक उचललं, हँडल दाबलं, ते खालीवर झालं.

"मान टाकती. बुजरी हाय."

"तो शॉकअप आहे, आजोबा. खड्ड्यात धक्का बसू नये म्हणून."

"गियर किती?"

"एकवीस."

"एकवीस कशाला? घाट तर एकच हाय. वीस काढून ठेवा आन् तेवढा भाव उतरवा."

पायलचे कान लाल झाले. "आजा, असं नको ना..."

"एक रुपया कमी होणार नाही," किशोर म्हणाला. "फार तर हेल्मेट फ्री देतो."

आजा गालात हसला. ही वाक्यं त्यानं जन्मभर ऐकली होती. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, किशोरच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली.

"अहो, काय करताय!" किशोरनं हात झटकला. हेल्मेट घालून बघणारं एक गिऱ्हाईक हेल्मेटसकट वळलं.

"दादा, घाबरू नका," पायल म्हणाली. "बैलबाजारात भाव असाच करतात. एक बोट धरलं की एक हजार, पुरा पंजा म्हणजे पाच, अर्धं बोट पाचशे. शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून वरून कापड."

"आकडा तर लेबलवर छापलाय!"

तेवढ्यात कोपऱ्यातून काठी वाजली. टक. टक.

तिथे खुर्चीत किशोरचे वडील बसलेले असत, यादवआबा. झटका आला त्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरी एकटे नकोत म्हणून किशोर त्यांना रोज दुकानात आणून बसवायचा. येणारेजाणारे फोटोला करावा तसा नमस्कार करायचे आणि सायकलींकडे वळायचे. ते आबा आता डावा हात पुढे करून बसले होते.

"बाबांना व्यवहारातलं काही कळत नाही आता," किशोर हळू आवाजात म्हणाला. "पूर्वी ओझरला असताना बैलांची दलाली करायचे, पण..." आणि तो मधेच थांबला. पुंजा आजा केव्हाच खुर्चीपाशी मांडी घालून बसला होता. दोघांच्या हातांवर उपरणं पडलं होतं.

मग काय सांगू महाराजा! कापडाखाली दोन घुशी झोंबत असाव्यात तसं उपरणं उडायला लागलं. आबांचा चेहरा ढिम्म. आजाच ओरडायचा. "अरं देवा, ही तर कातडी सोलायची बात झाली!" पुन्हा बोटं. "आबा, पोरीला लसी वाटायच्या हायेत, शर्यत नाय लावायची!" आबांनी मान हलवली. आजा तरातरा उठून दारापर्यंत गेला आणि हाक यायची वाट बघत तिथंच उभा राहिला. आबांनी तोंड पंख्याकडे फिरवलं. आजा आपणहून परत आला. "वारा खायला गेलतो," म्हणाला.

आबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच. किशोरनं ते बघितलं आणि दगड विरघळला. "आजोबा, द्या काय द्यायचं ते..."

"मधी बोलू नका! तुमच्या बापाचा सौदा चाललाय!"

आबांनीही मुलाकडे बघत काठी आपटली.

शेवटी आबांचा डावा हात आजाच्या पंजावर फाडकन पडला. टाळी! सौदा ठरला. आजानं घाम पुसला. "काय माणूस हाय! असा दलाल उभ्या बाजारात नाय बघितला."

"किती ठरलं?" पायल आणि किशोर एकदमच बोलले.

"सांगायचं नसतं."

"अहो, बिल करायचंय! जीएसटी भरायचाय!"

"भरा की. आकडा तोंडानं बोलू नका म्हंजे झालं."

किशोरनं मग नाइलाजानं हात उपरण्याखाली घातला. आबांनी बोटं दाबली. "बाबा, दुखतंय!" याहून जास्त त्याला काही उमगलं नाही. अखेर आजानं कॅल्क्युलेटरच कापडाखाली घेतला, बटणं दाबली आणि दोघांना दाखवला. साडेसतरा हजार.

पायलनं पिशवीतले पैसे पुन्हा मोजले. "आजा, माझ्याकडं सोळाच हायेत."

"आधी सांगायचंस."

"सकाळपासून दुसरं काय सांगतेय!"

"ताई, सोळाच द्या," किशोर म्हणाला. "आज बाबांना असं बघितलं, मला सगळं पोचलं."

"नाय!" आजा उसळला. "टाळी पडलीय. त्यांनी भाव जिंकलाय. आता तुम्ही दया म्हणून सोडलं, तर म्हाताऱ्याला नुसतं खेळवल्यागत होईल."

पायलला रडूही येत होतं आणि आज्याचं पटतही होतं. सोमवारी डबा पाठीवर घेऊन पायीच निघावं लागणार होतं. ती आबांच्या पाया पडायला वाकली. "आबा, भाव बरोबर होता. माझीच पिशवी आखूड पडली."

आबांनी तिचं मनगट धरलं. आज्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि तिच्या हातावर टाकलं.

कापडाखाली त्यांची बोटं नुसती उघडी होती. विचारत होती. पायलनं अख्खा पंजा धरला. पुन्हा धरला. पुन्हा. आणि मग एकटी करंगळी.

आबांच्या कपाळाला आठ्या. त्यांनी तिचं अर्धं बोट दाबलं, अजून पाचशे. पायलनं पुन्हा तेच केलं, तीन पंजे आणि करंगळी. आबांनी सायकलीकडे बघितलं, मग तिच्या बुटांकडे. तळ सुटलेले, तांबड्या मातीनं भरलेले. राहतं घर विकावं असा एक मोठा सुस्कारा त्यांनी टाकला, आणि टाळी दिली.

"हे कसं?" आजा किंचाळला. "सौदा माझ्याशी झालाय!"

आबांची काठी आजाकडे गेली आणि नाही म्हणाली. मग सायकलीकडे. मग पायलकडे. किशोरला ते आधी कळलं. "बाबा म्हणतायत, माल घेणार ताई. घेणाऱ्याचा हात कापडाखाली लागतो, तो आलाच नव्हता. तुमचा सौदा कच्चा."

नियम बाजारचा होता, त्याचाच होता. "बराबर हाय," आजा पुटपुटला. "कितीला दिली?"

"सांगायचं नसतं, आजा."

मग आजानं कोपरीच्या खिशातून गुलालाची पुडी काढली आणि घेतलेल्या बैलावर टाकतात तशी हँडलवर, सीटवर आणि किशोरच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर मूठभर उधळली. किशोरनं हसत बिल करायला घेतलं.

पेठपर्यंत जीपच्या टपावर सायकल आणि आत आजाची चौकशी. "सोळा?" पायल खिडकीबाहेर. "सोळाच्या बी खाली?" पायल खिडकीबाहेरच. बिल तिनं लसीच्या डब्यात ठेवलंय. सुईच्या भीतीनं आजा तिथं हात घालत नाही. अजून गावात कीर्तनाला बसला की दोन अभंगांच्या मधे तो तिच्याकडे झुकतो आणि विचारतो, "पंधरा का गं?"

पायल नाशिकला गेली की ब्रेकच्या रबरासाठीसुद्धा आबांशी सौदा करते, आणि हरते. किशोरनं गल्ल्यापाशी एक धुतलेलं उपरणं ठेवलंय. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तोही त्याखाली हात घालून बसतो. अजून शिकतोय.

बुवा उठले बघा. घ्या टाळ हातात. पण एक ऐका. यादवआबांचा उजवा हात मांडीवर निजलेलाच असतो. टाळी द्यायची तर त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागतो. आता नामाचा गजर होईल तेव्हा तुमच्या टाळ्यांतली एक त्यांच्या नावाची वाजवा. तेवढी आठवण असू द्या.