टाकीवरची उडी

‘नभवीर’चा तिसरा भाग लागला त्या शुक्रवारी मोहिनीने कॉलेज बुडवलं आणि नरडाण्याहून धुळ्याची बस धरली. पहिले दोन भाग तिने मैत्रिणींबरोबर पाहिले होते, दुसरा तर तीनदा. नभवीरचा आवाज, त्याचं हवेत क्षणभर थांबणं, मग छाती पुढे काढून झेपावणं, सगळं तिला पाठ होतं. पण या वेळी तिला नभवीर पाहायचा नव्हता. तिला दीपक पाहायचा होता.

दीपक तिचा मोठा भाऊ. शाळेत असल्यापासून मल्लखांबावर चढणारा, पुढे मुंबईला जाऊन सिनेमात हाणामारीची, उड्या मारायची कामं करणारा. ज्या हिरोला उडी मारता येत नाही त्याचे कपडे घालायचे, चेहरा झाकायचा आणि त्याच्या जागी उडी मारायची. नभवीरचा निळा सूट अंगावर चढला त्या दिवशी त्याने मोहिनीलाच पहिला फोन केला होता. “क्लायमॅक्स शे,” तो म्हणाला होता. “पाण्याची टाकी. वरतून मी!” ती फोनवर किंचाळली होती.

त्या टाकीवरूनच तो पडला. दोर निसटला, कमरेत मार बसला. आता कमरेखाली त्याला काही कळत नाही. कंपनीची माणसं सुरुवातीला दवाखान्यात आली, सफरचंदं ठेवून गेली, मग त्यांचे फोन लागेनासे झाले. दीपक घरी आला आणि ओट्याजवळच्या खोलीत खाटेवर पडून राहिला.

मोहिनी धुळ्याला निघताना त्याने तिला जवळ बोलावलं होतं. त्या दिवशी त्याने आईकडून आरसा मागून दाढी केली होती.

“तू पिक्चर दखू नको,” तो म्हणाला. “लोकेसकडे दख. मी उडी मारसू तवय लोके काय करतीन, ते माले सांगजो.”

बरोबर जितेंद्र होता, दीपकचा लहानपणापासूनचा मित्र. एमआयडीसीत पाळीवर जाणारा, पण आज सुट्टी टाकून आलेला. थेटर भरलेलं होतं. नभवीर पडद्यावर आला तेव्हा पोरांनी अशा काही शिट्ट्या मारल्या की मोहिनीच्या अंगावर काटा आला. शेवटाला भावाला हीच दाद मिळणार, या विचाराने ती सावरून बसली.

मध्यंतराच्या थोडं आधी नभवीरला आपली जुनी आठवण येते. तो अजून नभवीर झालेला नाही, गावातला एक वेंधळा पोरगा आहे, स्वतःच शिवलेला निळा सूट घालून उडायला शिकतोय. आधी तो गोठ्याच्या छपरावरून पडतो, मग झाडावरून. लोक हसू लागले, मोहिनीही हसली. मग पाण्याची टाकी दिसली.

टाकीवर निळ्या सूटमधला माणूस उभा होता. डोक्यावर हेल्मेट. त्याने दोन्ही हात मागे नेले, मान एकदा डावीकडे झटकली. मल्लखांबावर चढण्याआधी दीपक अशीच मान झटकायचा. मोहिनीचं हसू तोंडातच राहिलं. त्याने उडी मारली. अर्ध्या वाटेत त्याचं अंग दोराला हिसका बसून वेडंवाकडं फिरलं, एक हात हवेत काहीतरी धरायला गेला, आणि तो आडवाच्या आडवा भिंतीमागे दिसेनासा झाला. वर आवाज टाकला होता, फुगा फुटल्यासारखा. पुढच्या क्षणी पडद्यावर एक म्हैस, रवंथ करायची थांबून त्या भिंतीकडे बघणारी.

थेटर हसून कोसळलं. मागचा एक जण खुर्ची बडवत होता. कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” शेजारी जितेंद्र पोट धरून हसत होता. हसता हसता त्याने मोहिनीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“मोहिनी... हाऊ दीपक का?”

तिला भावाने सांगितलेलं आठवलं आणि तिने खरंच वळून लोकांकडे पाहिलं. एक बाई डोळ्यांतलं पाणी पुसत होती. हसून आलेलं.

शेवटची उडी आली तेव्हा नभवीर टाकीवरून नाही, ढगांतून उतरला. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं होतं. शिट्ट्या पडल्या. त्या उडीत माणूस कुठेच नव्हता.

बाहेर एक जण माईक घेऊन उभा होता. त्याचं यूट्यूब चॅनल होतं. “ताई, कसा वाटला पिक्चर?”

“नाही आवडला.”

“अहो, सगळे तर म्हणतात कॉमेडी लई भारी. तो टाकीवरून पडतो तो सीन? तुम्हाला हसू नाही आलं?”

मोहिनीने माईक हाताने बाजूला सारला. जितेंद्रने तिला दंडाला धरून बाजूला नेलं. बसमध्ये तो म्हणाला, “त्याले सांगू नको.” स्वतः हसल्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

दीपक वाट बघत होता. उशी पाठीशी घेऊन बसवलं होतं त्याला आईने.

“काय व्हयनं? सांग ना!”

“शिट्ट्या,” मोहिनी म्हणाली. “पुरं थेटर उठीसन उभं राहिलं भाऊ. ‘वन्स मोअर’ म्हणत होते.”

एवढं एक तरी खरं होतं. बाकीचं तिने रचून सांगितलं, आणि दीपकने तेच तिच्याकडून दोनदा ऐकलं. आईने, झुंबरबाईंनी, लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि गल्लीत साखर वाटून आल्या. दीपक त्या दिवशी पोटभर जेवला.

पुढच्या आठवड्यात मोहिनी कॉलेजातून परतली तर ओट्यावरच तिला तो फुगा फुटल्याचा आवाज ऐकू आला. मग परत. मग परत. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून मोबाइलवर पसरवला होता, खाली लिहिलं होतं, ‘सोमवारी कामावर जाताना मी.’ दीपक तो पाहत होता.

“तुनी माले खोटं कसाले सांगं?” त्याने मान वर न करता विचारलं.

मोहिनी खाटेच्या कडेला बसली.

“पहिला दोन टेक चांगला व्हतात,” तो म्हणाला. “एकदम सरळ उडी. तिसरामा पडनू. पिक्चरमा त्यासनी तिसराच ठेवा.”

झुंबरबाई चुलीपुढून उठून आल्या, त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि परत चुलीकडे गेल्या. त्यानंतर तो आवाज आला की त्या मागच्या दारी जाऊन उभ्या राहत.

मोहिनीला वाटलं, आता हा भिंतीकडे तोंड करून पडून राहील, जेवण सोडेल. झालं भलतंच. रविवारी गल्लीतली काही माणसं आली होती, तेव्हा दीपकने आपणहून मोबाइल पुढे केला. “हाऊ दख. हाऊ मी शे.” माणसांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी मान झटकण्यापासून सगळं परत परत पाहिलं. म्हैस आली की ते हसत, आणि दीपक त्यांच्याहून मोठ्याने हसे. बातमी पसरली. आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. त्याच्या खाटेशी बसून फोटो काढत. एकाने तर त्याचा व्हिडिओच केला, आधी टाकीवरची उडी, मग खाटेवरचा दीपक, हात हलवून सांगणारा, “नभवीर मीच शे!” तो दीपकनेही आपल्या नावाने टाकला, हजारो लोकांनी पाहिला.

“भाऊ, तुले काहीच वाटत नाही?” एकदा माणसं गेल्यावर मोहिनीने विचारलं. तिला रडू आवरत नव्हतं. “ते तुझ्या पडण्यावर हसतात.”

“वाटीसन काय करू?” दीपक म्हणाला. “पहिले जो ये तो दवाखानानं इचारे. आते निदान पिक्चरनं इचारतस.”

तिने कॉलेजच्या ग्रुपमधून नाव काढलं, कारण तिथेही मुली तीच म्हैस टाकत होत्या, आणि त्यातल्या एकीलाही तिने सांगितलं नव्हतं की तो माझा भाऊ आहे. याची तिला लाज वाटत होती आणि सांगायचीही लाज वाटत होती.

मग मुंबईहून फोन आला. दवाखान्यात सफरचंदं घेऊन आलेलाच माणूस. दीपकने फोन स्पीकरवर टाकला, बहिणीने ऐकावं म्हणून. तो माणूस हिंदीत गोड बोलत होता. तब्येत विचारली, आईची चौकशी केली. मग म्हणाला, हिरोसाहेबांनी मुलाखतीत सांगितलंय की सगळे स्टंट ते स्वतः करतात. तुझा तो व्हिडिओ बरा दिसत नाही. काढून टाक, आणि ज्यांनी ज्यांनी टाकलाय त्यांनाही सांग.

मोहिनी फोनकडे झेपावली. दीपकने हात आडवा धरला.

“जी सर,” तो म्हणाला. “निकाल देता हूँ, सर. अभी निकाल देता हूँ.” आणि थोडं थांबून, “सर, चौथे पार्ट में मुझे बुलाएँगे ना?”

“हाँ हाँ, क्यों नहीं,” तो माणूस म्हणाला आणि फोन बंद झाला.

दीपकने व्हिडिओ काढून टाकला. ज्याने केला होता त्यालाही फोन करून काढायला लावला. मग आईला हाक मारली. “माय, त्यासना फोन उनथा! मन्हं नाव ध्यानमा शे त्यासना!” झुंबरबाई मागच्या दारातून “बरं व्हयनं रे बाबा,” एवढंच म्हणाल्या.

मोहिनी ओट्यावर आली. समोरून जितेंद्र येत होता, एमआयडीसीतले दोन सोबती घेऊन. दुरूनच त्याने हात उंचावला. “हे शिरपूरकडचे. म्हटलं, यांनाही दाखवू.”

मोहिनी दारात आडवी उभी राहिली.

“इथं पाहायला काही नाही,” ती म्हणाली. “घरी जा, जितूभाऊ.”

तो थबकला. तिने दार ओढून घेतलं.