बाहेरचा ढाळ

निवृत्तीला एक खोड होती. आपल्या कामाचं कुणी कौतुक केलं नाही तर तो ते स्वतःच करायचा, आणि तेही समोरच्याला उठून जाता येणार नाही अशा बेतानं. नाशिक रोडच्या कॉलन्यांमध्ये त्यानं वीस वर्षं सुतारकाम केलं होतं. दारं, खिडक्या, पत्र्याची छपरं. "माझ्या कामात खोट दाखवा, मिशी उतरवतो," असं तो छातीवर हात मारून सांगायचा. मिशी अजून शाबूत होती, एवढं मात्र खरं.

सत्त्याण्णव साली त्यानं होडी बांधायला घेतली ती धाकट्या बहिणीसाठी. मैना आणि तिचा नवरा पुंजा गंगापूर धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करायचे, आणि कशावर बसून? तर ट्रकच्या ट्यूबवर! कमरेखालचं अंग दिवसभर पाण्यात. थंडीत मैनाच्या पायांना अशा भेगा पडायच्या की तिला घरात चालणं नको व्हायचं. निवृत्तीला ते बघवेना. पाण्याची त्याला लहानपणापासून धास्ती. म्हणून तर बापाचा मासेमारीचा धंदा सोडून तो रंधा धरायला पळाला होता, आणि पोहणं कधी शिकलाच नव्हता. पण बहिणीवर जीव होता. "येत्या दसऱ्यापासून तुझ्या पायाला पाणी लागायचं नाय," असा शब्द त्यानं दिला आणि तिच्या अंगणात लाकूड आणून टाकलं. मग चार महिने दर रविवारी तो तिथंच.

होडी चांगली वीस फुटी झाली. मधोमध खांद्याइतकी उंच, वर पत्र्याचं छत घातलेली खोली केली. तिच्यात बर्फाची पेटी, जाळी, पाऊस आला तर दोघांना बसायला जागा. खोलीचं दार मागच्या बाजूला. मागून पुढच्या टोकाला जायचं तर खोलीच्या बाहेरून, दोन्ही अंगांना एकेक अरुंद फळी. तिला ते पट्टी म्हणायचे. पट्टीवर चालणाऱ्याच्या एका बाजूला प्लायची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाणी.

पट्ट्या बसवायच्या दिवशी मैना हात पुसत अंगणात आली.

"दादा, किती रुंद ठेवणार?"

"पाच इंच."

"पाच इंचात माझं पाऊल नाय मावत सरळ. माझ्या पावलाचं माप घे ना."

"मी काय तुझी चप्पल शिवतोय का? पट्टी रुंद केली की खोली बारीक होती. मग मासे काय डोक्यावर ठेवशील?"

"बरं, धरायला वरून दोरी तरी बांध."

"दोरी? अगं, होडी हाय ही, म्हैस नाय!"

पुंजा खो-खो हसला. मैना हसली नाही. ती खाली बसून पट्टीकडे बघत होती.

"ही बाहेरच्या अंगाला कलती झालीय रे."

"कलती नाय, ढाळ म्हणतात त्याला. पाऊण इंच दिलाय, मुद्दाम. पाणी साचलं की लाकूड कुजतं." निवृत्तीनं तांब्याभर पाणी पट्टीवर ओतलं. पाणी सरसर बाहेर गेलं आणि खाली मातीत पडलं. "बघ, कसं पळालं!"

"पाणी पळालं," मैना म्हणाली, "पण पाय?"

झालं! निवृत्तीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार महिने सुट्टीचा एक दिवस अंथरुणाला पाठ लावली नाही, आणि ही आता आपल्याला ढाळ शिकवणार! तो खाली मान घालून खिळे ठोकत बसला. मैनानंही मग विषय सोडला. भाऊ पदरमोड करून होडी देतोय, त्यात आणखी किती खोट काढायची?

दसऱ्याला होडी पाण्यात उतरली. पुढच्या टोकाला झेंडूची माळ, नारळ फुटला, हळदीकुंकू झालं. निळा ऑइलपेंट असा चमकत होता की त्यात तोंड बघावं. निवृत्तीनं जीव मुठीत धरून होडीत पाय टाकला, कारण आपलं काम पाण्यावर कसं दिसतं हे त्याला होडीत बसूनच बघायचं होतं. पाणी शांत होतं. मैना पट्टीवरून पुढं गेली, जाळं सोडून मागं आली.

"बघितलंस? पडलीस का?" निवृत्ती म्हणाला.

"आज वारा नाय, दादा."

वारा आला दुपारी. पश्चिमेच्या डोंगरांवरून काळं आभाळ आलं आणि बघता बघता पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. पुंजा मागं बसून दोन्ही वल्ही मारत होता, पण होडी आडवी होऊन काठाकडे सरकायला लागली. त्या काठाला धरणात बुडालेल्या बाभळींची खोडं होती. पाण्याखाली, टोकदार.

"लंगर टाकावा लागंल!" पुंजा ओरडला. "खोडांवर गेलो तर तळ फाटंल. वल्ही सोडता येत नाय मला!"

लंगर म्हणजे दोराला बांधलेला भलामोठा दगड, आणि तो होता पुढच्या टोकाला.

"मी... मी जातो," निवृत्ती म्हणाला, पण पाय उचलले तर शपथ! तोवर मैनानं कासोटा घट्ट केला होता आणि ती डाव्या पट्टीवर चढलीही होती. उजवीकडून लाटा थेट पट्टीवर आदळत होत्या, म्हणून डावीकडून. पण त्याच बाजूला जाळं सोडलेलं होतं.

निवृत्ती मागच्या कोपऱ्यातून बघत होता. मैना भिंतीकडे तोंड करून आडवी सरकत होती. दोन्ही तळवे प्लायवर. प्लाय गुळगुळीत. त्यानंच चार वेळा पॉलिशपेपर मारला होता, बोट ठेवलं तर घसरेल असा! वाऱ्यानं आणि तिच्या वजनानं होडी त्याच अंगाला झुकली आणि त्याचा तो पाऊण इंचाचा ढाळ छपराच्या उतारासारखा झाला. मैनाच्या टाचा फळीबाहेर, पाण्यावर. पायाची बोटं फळीला रुतवलेली, पांढरीफटक. लाट आली, पट्टीवरून पाणी गेलं आणि सरसर बाहेर पळालं. त्याला हवं होतं अगदी तस्संच.

पाण्याबरोबर मैनाचा पाय गेला.

ती गुडघ्यावर आदळली. एका हाताची बोटं कशीबशी छताच्या पत्र्याच्या काठाला अडकली. मैना पोहण्यात तरबेज, पण खाली त्यांचंच जाळं पसरलेलं होतं. जाळ्यात गुरफटलेलं माणूस पोहत नाही.

"मैना!" निवृत्तीनं डाव्या अंगाला झेप घेतली. होडी आणखी झुकली, पट्टीला पाणी लागलं.

"तिकडं नका जाऊ!" पुंजाच्या घशाच्या शिरा ताणल्या. "पाव्हणं, तुमच्या वजनानं होडी बुडंल! पलीकडं जा! उजव्या पट्टीवर, बाहेरून भार द्या!"

"अहो दाजी, बहीण इकडं हाय माझी!"

"म्हणूनच सांगतोय, पलीकडं जा!"

बहीण हातभरावर लटकलेली, आणि तिच्याकडे पाठ फिरवून उलट दिशेला जायचं! पण त्याला कळलं. वजनाचं गणित त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो वळला, उजव्या पट्टीवर चढला, पत्र्याचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि आपला ऐंशी किलोचा देह मागं, पाण्यावर झोकून दिला.

होडी हळूहळू सरळ व्हायला लागली.

आता त्याला मैना दिसत नव्हती. समोर फक्त निळी भिंत. लाटा थेट पाठीवर येत होत्या. टाचा फळीबाहेर होत्या आणि तळवे इंच इंच घसरत होते. आपला ढाळ काय चीज आहे, हे आज पहिल्यांदा त्याच्या पायांना कळत होतं. पत्र्याची धार बोटांत शिरली. हात सोडला तर आपण गेलो, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि आपण गेलो तर होडी पुन्हा तिकडं झुकणार, मैना पण गेली.

"मैना, सरकतेस का गं?"

नुसता वारा.

"मैना!"

आणि पलीकडे पाण्यात काहीतरी मोठं पडलं. धप्पकन.

दगड, का बहीण? त्याला बघता येईना, हात सोडता येईना. त्यानं आयुष्यात देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या घटकेला त्यानं एवढंच मागितलं, दगड असू दे. दगड असू दे रे बाबा.

दोर ताणल्याचा कर्रकन आवाज आला. होडीनं तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि झुकायची थांबली.

"लागला लंगर!" मैनाचा आवाज आला. "येते मी मागं!"

ती मागं येईपर्यंत निवृत्ती तसाच लटकून राहिला. तिनंच येऊन त्याची बोटं पत्र्यावरून सोडवली. तिच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त येत होतं.

"मधेच पट्टी एकदम सपाट झाली बघ," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, वारा पडला. तू इथं काय करत होतास?"

निवृत्तीनं बहिणीचा तो रक्ताळलेला पाय दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडला. पुंजा दुसरीकडे बघत वल्ही आवरत बसला.

वारा ओसरल्यावर ते काठाला लागले. झेंडूची माळ अजून तशीच होती. निवृत्तीनं गावातून पहार आणली आणि दोन्ही पट्ट्या उखडून काढल्या. मग एक कोरी फळी जमिनीवर टाकली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"यावर उभी राहा. पाय ओले करून."

मैना उभी राहिली.

"अशी नको, जाळं ओढताना उभी राहतेस तशी." तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या दोन्ही पावलांभोवती सावकाश रेघ मारली. रेघेच्या बाहेर आणखी चार बोटं जागा धरली.

पुढच्या रविवारी नव्या पट्ट्या बसल्या. चांगल्या रुंद, आणि या खेपेला ढाळ आतल्या बाजूला. छताला दोन्हीकडून जाड दोरी. निवृत्ती आला होता तो मिशी उतरवून. ओठावरचा भाग पांढरा दिसत होता. ते बघून पुंजासुद्धा हसला नाही.

फक्त निघताना पुंजानं पट्टीवर हात फिरवला. "पाव्हणं, आता पाणी आतच साचंल की. लाकूड कुजंल."

"कुजू द्या," निवृत्ती म्हणाला. "लाकूड मला नवीन बसवता येतं."

मैना पट्टीवर उभी होती. तिनं दोरीला धरलं आणि चालत पुढच्या टोकाला गेली.