आधी शीलाताईचा आवाज

आमच्या महागावात विहाराच्या मागं अभ्यासिका आहे. तिथं भिंतीवर एक लोखंडी कपाट, आणि कपाटात स्विच. दिव्याचा नाही बरं! सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या डब्यात येतात आणि तिथून एकाच वायरीनं राउटरकडं जातात, तो. नागपूरच्या एका ऑफिसनं जुना झाला म्हणून दिलेला. त्याच्या सेटिंगला आजपर्यंत कुणी हात लावला नव्हता. मी लावला. मी उर्वशी, नववी ब.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मोठ्या बहिणीची, शीलाताईची, ऑनलाइन मुलाखत ठरली, शनिवारी अकराला. पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी. घरी पत्र्याखाली मोबाइल रेंज धरत नाही, म्हणून अभ्यासिका. पण तिथं रोज अकरालाच पोलीस भरतीच्या पोरांची सराव परीक्षा असते, प्रत्येकाचा कॅमेरा चालू. गुरुवारी ताईनं त्याच वेळी मैत्रिणीला सरावाचा कॉल लावून पाहिला. पलीकडं पोचलं ते एवढंच:

"मी शी... नर्सिं... मले..."

"काय व, रोबोट झाली का तू?" मैत्रीण म्हणाली.

ताई हसली नाही. मागची मुलाखत तिची अशीच तुकडे तुकडे होऊन गेलती.

अभ्यासिका अश्वजितदादा पाहतो. कपाटाची किल्ली त्याच्या गळ्यात. म्हटलं, "दादा, एक दिवस परीक्षा पुढं ढकल ना."

"कायले? आमचीबी भरतीच आहे व."

खरंच होतं ते. कुणालाच बंद करायचं नव्हतं, फक्त ताईचा आवाज आधी सोडायचा होता. आणि आमच्या कॉम्प्युटरच्या मंजुषा मॅडमनी दिलेल्या पुस्तकात मी वाचलं होतं की स्विचला असं सांगता येतं. दादाच्या मागं लागून कपाट उघडून घेतलं, सेटिंगचं पान काढलं आणि ताईच्या वायरीला पहिला नंबर दिला. झालं!

शुक्रवारी अकराला पुन्हा रोबोट.

"काय इंजिनिअर बाई?" दादा म्हणाला. "पहिला नंबर देल्ला म्हणे!"

मला रडू येणार होतं, तेवढ्यात पानावर एक आकडा दिसला. रांगेत थांबलेले: शून्य. म्हणजे माझ्या स्विचमध्ये रांगच नव्हती! मग पहिला नंबर कोणाच्या पुढं? स्विच सगळंच धडाधड पुढं ढकलत होता. गर्दी होत होती राउटरच्या तोंडाशी, आणि त्याला ताई कोण, पोट्टे कोण, काही कळत नाही.

हे मी कापूस बाजारात पाहिलं आहे, बाबांचा डबा घेऊन जाते तेव्हा. गेटमधून सगळ्या गाड्या एकदम आत सोडल्या की वजनकाट्यासमोर अशा अडकतात की कुणालाच पुढं काढता येत नाही. काट्याला झेपतील तेवढ्याच सोडल्या, की रांग गेटवर लागते. मग गेटवाला म्हणेल ती गाडी आधी.

मी स्विचच्या बाहेर जाणाऱ्या वायरीचा वेग इंटरनेटच्या लाइनच्या वेगापेक्षा जरासा कमी केला.

"अवं, हळू करून राह्यली तू!" दादा ओरडला. "हळू केल्यानं जोरात होते का?"

"हळू नाही दादा. रांग माझ्या दारात आणून राह्यली."

"अन् आमची परीक्षा बंद पडली तं?"

"तं अभ्यासिकेच्या बोर्डावर लिहून ठेव, उर्वशीनं बंद पाडली म्हणून!"

शनिवारी मी कपाटाजवळच उभी. परीक्षा सुरू झाली, कॅमेरे लागले, आणि शून्याचा आकडा हलला. रांग लागली! माझ्या स्विचमध्ये! मी तिथंच नाचले असते, पण ताई बोलत होती. पूर्ण वाक्यं. एकही शब्द गळला नाही.

शेवटी पलीकडचे सर म्हणाले, "आवाज फार स्पष्ट येतोय तुमचा. कुठून बोलताय?"

"महागाव, जिल्हा यवतमाळ. आमच्या अभ्यासिकेतून," ताई म्हणाली. "इथलं नेटवर्क माझी लहान बहीण सांभाळते. नववीत आहे."

सांभाळते! असं म्हणाली ती, त्या मोठ्या लोकांसमोर.

पोरांचीही परीक्षा पार पडली. फक्त लखन कुरकुरला, "माहं तोंड धुरकट दिसून राह्यलं होतं."

"बरंच झालं बे," दादा म्हणाला.

सोमवारी पुण्याहून होकाराचा फोन आला. ताईनं मला उचलून गरगर फिरवलं आणि बाबांनी बाजारातल्या सगळ्यांना सांगून टाकलं. संध्याकाळी अश्वजितदादानं गळ्यातली किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"घे व. पण पुढच्या महिन्यात माही मुलाखत आहे. मले पहिला नंबर पाहिजे."

मी किल्ली दप्तरात टाकली. "पाहू दादा. रांगेत ये."