पारसिक हिलवर फुल लोड

स्वानंदने पप्पांच्या जुन्या डिझेल गाडीची पॉवर वाढवली, पण हावरटपणा केला नाही. आधी मोठा रेडिएटर, नवा क्लच, मगच इंजिनचं थोडंसं ट्यूनिंग. तरी पप्पांची अट होतीच, "एसी लावून, फुल लोडमध्ये पारसिक हिल चढव. तापली तर सगळं काढून टाकायचं."

लोड म्हणून आई भिशीतल्या दोन धिप्पाड मैत्रिणींना घेऊन मागे बसली.

चढावर स्वानंदने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी सुसाट सुटली.

"अरे मेल्या, विमान आहे काय!" त्यातल्या सुचित्राकाकू हसत किंचाळल्या.

शेजारी बसलेले पप्पा फक्त टेम्परेचरचा काटा बघत होते. वर पोचले तरी काटा मध्यावरून हलला नव्हता.

"उतर खाली," पप्पा म्हणाले.

स्वानंदने काट्याकडे बोट दाखवलं. "का? तापली नाय ना!"

"म्हणूनच. आता मी चालवणार. सुचित्रावहिनी, घट्ट धरा!"