पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचा कबुलीजबाब

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीवर बसणारं. इंजिन बोलायला लागलं असतं तर तुम्ही कसे मांडी घालून बसला असतात, मला ठाऊक आहे! पण या गोष्टीत इंजिन बिचारं निर्दोष आहे. गुन्हेगार मी, तेव्हा सांगायचा मानही माझाच.

कारखान्यात एका यंत्राने मला पत्र्यातून कापलं, दुसऱ्याने गोल दाबलं आणि शेवटी मधोमध टाचणीएवढं भोक पाडलं. ते माझं नाक. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं, तशी या भोकातून बाहेरची हवा आत जाते. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल पुढे सरकत नाही. वीस वर्षं मी हे काम बिनबोभाट केलं. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी शिवीही दिली नाही.

मग आमचे मालक निवृत्त झाले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रिकामे हात त्यांना चैन पडू देईनात. पांढऱ्या मेणाच्या पॉलिशचा डबा आणून त्यांनी गाडी घासायला घेतली. दारं झाली, दिवे झाले, आणि एके दिवशी माझी पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझे लाड करत होतं! मी हुरळून गेले. पॉलिश नाकात गेलं, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. चमकत होते ना!

त्याच महिन्यात मास्तरांच्या बायकोने गाडी शिकायला घेतली. त्या दवाखान्यात नर्स. तीस वर्षांची नोकरी, गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घरी जाऊन तपासायचं नवं काम निघालं होतं आणि सिस्टरना ते मनापासून हवं होतं. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे.

परवान्याच्या पहिल्या परीक्षेत गाडी सुरू झाली, दहा मिनिटं छान पळाली आणि मैदानाच्या मधोमध आचके देत बंद पडली. नापास! दुसऱ्या वेळी अगदी तसंच. मास्तर सावकाश चालत आले, किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू. तेवढ्या वेळात माझ्या कडेकडेने थोडी हवा आत झिरपलेली असायची, पण हे सांगणार कोण? मास्तर स्वतः तर पाच मिनिटांच्या पलीकडे गाडी कधी नेतच नसत.

"बघ, माझ्या हातात कशी चालते!" मास्तर म्हणाले. "अगं, तू क्लच फार लवकर सोडतेस."

गॅरेजच्या मिस्त्रींनी प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, फिल्टर नवा घातला. पण आमचा पेट्रोलचा काटा कधीचाच मोडलेला. त्यामुळे मिस्त्री दर खेपेला आधी मला उघडून काठी घालून पेट्रोल बघायचे. मला उघडलं की हवा आत आणि गाडी खूश! "ताई, गाडी ठणठणीत आहे. थोडी पायाची सवय करा," ते म्हणायचे. सिस्टर आपल्याच पायाकडे बघत घरी यायच्या. मला इतकं वाईट वाटायचं, काय सांगू!

तिसरी परीक्षा सोमवारी होती. तेव्हाही नापास झाल्या, तर ते काम दुसऱ्या कुणाला मिळणार होतं. रविवारी सकाळी दोघं सरावाला मोकळ्या मैदानात गेले. दहा मिनिटांनी गाडी बंद.

"क्लच..." मास्तरांनी तोंड उघडलं.

"क्लचचं नाव काढाल तर खबरदार! माझा पाय बरोबर आहे!" सिस्टर खाली उतरल्या. डोळे भरले होते. "निदान पेट्रोल तरी आहे का, बघते."

त्यांनी मला फिरवलं आणि टाकीने "सुस्स्स" करून मोठा श्वास घेतला. सिस्टरचा हात जागच्या जागी थांबला.

"अहो, इकडे या. ही टाकी हवा ओढतेय!"

"मग?"

"मग काय! सलाइनच्या काचेच्या बाटलीला आम्ही हवेची वेगळी सुई टोचायचो. ती विसरली की थेंब पडायचे बंद. पेशंटच्या नसेत काही खोट नसायची हो!"

पण त्या उगीच नाचल्या नाहीत. आधी मला अर्धवट सैल ठेवून त्यांनी मैदानाला फेऱ्या मारल्या. वीस मिनिटं झाली, गाडी थांबेना. मग मला घट्ट बसवलं, तर दहा मिनिटांत बंद. आता मात्र खात्री पटली. त्यांनी मला उजेडात धरलं, पर्समधून नवी सुई काढली आणि माझ्या नाकात घातली. पांढऱ्या मेणाची बारीकशी वळी बाहेर आली. आहाहा! किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

मास्तरांनी ती वळी पाहिली, मग स्वतःच्या नखांत अडकलेलं पॉलिश पाहिलं. "म्हणजे... तुला दोनदा नापास मी केलं?"

"दोनदा," सिस्टर म्हणाल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. मास्तरही हसले, पण कान लाल झाले होते. संध्याकाळी ही हकिगत ऐकून मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी परीक्षक शेजारी बसले. वीस मिनिटं गाडी झकास चालली. शेवटी चढावर थांबून पुन्हा निघताना गचका बसला आणि ती बंद पडली. माझा जीव वरखाली! या खेपेला माझं नाक अगदी साफ होतं.

"साहेब, आता मात्र क्लच मीच लवकर सोडला," सिस्टर हसून म्हणाल्या. किल्ली फिरवली आणि सावकाश चढ चढून गेल्या.

"चूक झाली, पण घाबरला नाहीत," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी कागदावर सही केली. सिस्टरनी तिथेच एवढा लांब हॉर्न वाजवला की फाटकाजवळ उभे असलेले मास्तर दचकलेच.

आता आम्ही रोज पेशंटकडे जातो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू जरूर पुसा, घासा, लाड करा. पण तिला कुठून श्वास घ्यायचा असतो, तेही बघून ठेवा. आणि एखादी बाई म्हणाली की माझा पाय बरोबर आहे, तर बाबांनो, आधी झाकण उघडून बघा.