शिशाच्या नाकाचं काडतूस

मी काडतूस बोलतोय. दचकू नका, कान झाकू नका. आमच्यातलं जे एकदा मोठ्यानं बोलतं ते पुन्हा बोलत नाही, आणि मी अजून तसं तोंड उघडलेलं नाही. म्हणून गप्पा मारायला मोकळा आहे.

पितळी अंग, पोटात दारू आणि पुढे शिशाची गोळी. तिचं करडं टोक म्हणजे माझं नाक, आणि या नाकाचा मला भारी तोरा. कारखान्यातून आम्ही भावंडं एका खोक्यातून निघालो आणि कॅलिफोर्नियातल्या टेहाचापीच्या डोंगरात गानिश एचार्टच्या घरी येऊन पडलो. गानिश बास्क मेंढपाळ, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरी लोकांपैकी. शब्दाला पक्का, नव्या गोष्टीला कच्चा. माझे भाऊ एकेक करून उडाले. थोरल्यानं म्हणे एका झटक्यात कायोटी, त्याची सावली आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी अशा तिघांना लोळवलं. टाकीचं खरं आहे. बाकीचं मी ऐकलंय.

कायोटी म्हणजे कोल्ह्याची अक्कल आणि लांडग्याची भूक. कोकरं जन्मायचे दिवस आले की त्याला आमंत्रण लागत नाही.

मी एकटाच उरलो आणि नेमका तेव्हाच कायदा आला. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी बंद! कारण कॉन्डर गिधाडं. पडलेलं जनावर ती खातात, शिशाचे कण पोटात जातात, आणि एवढ्या अजस्र पंखांचा पक्षी मान टाकतो. आता फक्त तांब्याची गोळी चालेल म्हणे.

"तांबं?" गानिश खेकसला. "तांब्याच्या कढईत चीज करतात. त्यानं कायोटी मरत नाही, फार तर जेवून जातो."

त्याची बायको ग्राशी मात्र शहरात जाऊन आली. दुकानदाराला तिनं उलटसुलट विचारून भंडावलं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांबुडकी होते आणि जुन्या नळीला पचत नाही. तेव्हा थोडी हलकी घ्यायची, हे समजून घेऊन ती त्याच्याच रायफलच्या मापाचं खोकं घेऊन आली. गानिशनं ते पिठाच्या डब्यामागे सारलं.

इकडे कोकरं नाहीशी होत होती. शेवटी ग्राशीनं कमरेवर हात ठेवले.

"ऐक म्हाताऱ्या. अजून एक कोकरू गेलं की कळप विकायचा आणि बेकर्सफील्डला लेकीकडे जायचं. तिच्या गॅलरीत बस आणि मेंढ्यांऐवजी कुंड्या राख."

ती थट्टा करत नव्हती. ताटवाट्या खरोखरच पेटीत भरायला लागली होती. गानिशचा चेहरा असा पडला की मला माझ्या पोटातली दारू ओली झाल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास त्यानं मला हळूच शर्टाच्या खिशात टाकलं आणि रायफल उचलली. मी आनंदानं चकाकलो. एवढ्यात फाटकापाशी जीप थांबली. शिकार खात्याची वॉर्डन, लोरेटा किरोगा!

गानिश उलट्या पावली घरात. ग्राशी पाठमोरी, निखारे सारखे करत होती. बिडाच्या पातेल्यात पावाचं पीठ फुगून बसलं होतं. गानिशनं मला त्यात अंगठ्यानं खोल दाबलं आणि वरून थोपटलं.

"काय काका, कुठे निघाला होतात?" लोरेटानं विचारलं.

"मेंढ्यांची विचारपूस करायला."

"रायफल घेऊन?"

"रिकामी आहे. नुसतं तोंडानं विचारलं तर उत्तर देत नाहीत."

तोवर ग्राशीनं पातेल्यावर झाकण ठेवलं, ते निखाऱ्यांत पुरलं आणि वरूनही निखारे रचले. गानिशच्या मिशा थरथरल्या.

"ग्राशी, आज पाव नको. पोरीला घाई आहे."

"मला कुठे घाई?" लोरेटा खुर्चीत ऐसपैस बसली. "त्या वासासाठीच तर या बाजूला येते."

"मग बाहेर बसू. त्या ओकच्या झाडामागे. नाहीतर टेकडीपलीकडेच जाऊ."

"घरी आलेल्याला उपाशी उठवतोस?" ग्राशी म्हणाली. "ताप आलाय का तुला?"

आत माझी काय गत झाली म्हणून सांगू! अंधार, आंबूस वाफ, नाकात पीठ. सगळे देव आठवले. आमच्यात देव नसतात, तरी आठवले. ओल्या पिठानं पोटाशी धरलं म्हणून वाचलो. बाहेर गानिश प्रत्येक तडतडीला टुणकन उठत होता.

पाव निघाला, खरपूस. आता बास्क मेंढपाळाच्या घरी पहिला तुकडा कुत्र्याचा. ग्राशीनं सुरीनं पावावर क्रूस रेखला.

"आजचा पहिला तुकडा मला दे," गानिश म्हणाला.

"कुत्रा कधीपासून झालास?"

तुकडा बेल्त्झाला गेला. बास्क भाषेत बेल्त्झा म्हणजे काळ्या, कुत्रा मात्र पांढराशुभ्र. त्यानं कचकन चावा घेतला, विचारात पडला आणि मला लोरेटाच्या बुटावर थुंकला.

लोरेटानं मला पुसून उजेडात धरलं. "काकू, पावात शिसं आहे."

"मी तर बडीशेप घातली होती."

दोघींनी गानिशकडे पाहिलं. तो छताकडे.

"काका, घरात ठेवायला कुणाची बंदी आहे? डब्यांवर खुशाल नेम धरा. पण हे घेऊन शिकारीला कुंपण ओलांडलं असतंत, तर परवाना गेला असता."

"म्हणजे लपवायची गरजच नव्हती?"

"पावात तर अजिबात नव्हती."

ग्राशीनं तांब्याचं खोकं टेबलावर आपटलं.

त्या दुपारी त्यानं डब्यांवर बार काढले. पहिले सगळे डाव्या अंगाला गेले. "तांबं!" तो ओरडला.

"गोळी बदलली की नेम पुन्हा जुळवायचा असतो," लोरेटा म्हणाली. "तांब्याला कशाला शिव्या?"

गानिशनं कुरकुरत रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवले. संध्याकाळी कायोटी मेंढ्यांच्या वाड्याकडे सरकत आला. एकच बार. उतारावर तो जागीच आडवा झाला.

सकाळी कॉन्डर उतरला, घोंगडी पसरल्यासारखा. गानिशनं टोपी काढली. "जेव बाबा. तुझ्या पथ्याचं आहे."

ग्राशी आत गेली आणि पेटीतल्या ताटवाट्या पुन्हा फळीवर मांडू लागली. आवाज मुद्दाम मोठा करत होती, त्याला ऐकू जावा म्हणून.

माझ्यावर मात्र कुणाचा भरवसा उरला नाही. भाजलेलं काडतूस ना उडवता येतं, ना केरात टाकता येतं. म्हणून लोरेटा मला निकामी काडतुसं जमा करतात तिथे घेऊन निघाली आहे. तिच्या जीपमधल्या जाडजूड पेटीत माझ्यासारखे बरेच म्हातारे आहेत, गंजलेले, चेपलेले, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतोय की संधी मिळाली असती तर त्यानं वाघ मारला असता. कॅलिफोर्नियात वाघ नाही, हे मी त्यांना सांगणार नाही. झाकण लागतंय. तुमच्याकडे एकच विनंती, तुम्हीही सांगू नका.